सीई सर्टिफिकेट ‘रिन्यू’ होत नाही: युरोपचा मशीन-सुरक्षेचा कायदा, सोप्या भाषेत

युरोपातल्या गिऱ्हाइकाच्या ऑर्डरमध्ये, डिलिव्हरी आणि पेमेंटच्या अटींखाली, हल्ली एक नवा आकडा दिसू लागलाय: २०२३/१२३०. हा युरोपियन युनियनचा मशिनांच्या सुरक्षेचा नवा कायदा. तो २० जानेवारी २०२७ पासून लागू होतो आणि २००६/४२ हा जुना कायदा त्याच दिवशी रद्द होतो. भोसरी, चाकण, शिरोली, अंबड, वाळूज अशा ठिकाणांहून प्रेस, पॅकिंगची मशिनं, कन्व्हेयर किंवा एसपीएम (एकाच ठरावीक कामासाठी बनवलेली खास मशिनं) युरोपला पाठवणाऱ्या ऑफिसांतून मग पहिला फोन कन्सल्टंटला जातो. “आमचं सीई सर्टिफिकेट रिन्यू करायचंय, किती घ्याल?”

गोंधळाची सुरुवात इथेच होते. सीई ही मशीन युरोपच्या कायद्याप्रमाणे आहे असं सांगणारी खूण. बहुतेक मशिनांच्या बाबतीत रिन्यू करायला असं काही सर्टिफिकेट मुळात नसतंच.

सीई देतं कोण?

कुणीच देत नाही. मशीन बनवणारा ते स्वतः लावतो.

अर्ज केला, फी भरली आणि सीई मिळालं, असं युरोपात एकही खातं नाही. कायद्यात सुरक्षेच्या आवश्यक अटींची मोठी यादी आहे. बनवणारा ती वाचतो, आपलं मशीन त्यात बसतं का ते तपासतो, तपासल्याचे पुरावे एका फाइलमध्ये लावतो. ही झाली टेक्निकल फाइल. मग ‘हे मशीन कायद्याप्रमाणे आहे’ अशा एका कागदावर तो सही करतो. हे डिक्लेरेशन ऑफ कन्फॉर्मिटी. त्यानंतर नेमप्लेटवर सीई ही अक्षरं उमटतात, साधारणपणे किमान ५ मिलिमीटर उंचीची. फाइल त्यानंतर १० वर्षं जपून ठेवायची.

इन्कम टॅक्सच्या रिटर्नसारखंच हे आहे. आकडे तुमचे, सही तुमची, पावत्या तुमच्या कपाटात. रिटर्न भरताना कुणी पावत्या मागत नाही, पण नोटीस आली की दाखवाव्या लागतात. सीईची फाइलही एरवी कुणी मागत नाही. युरोपातल्या एखाद्या देशाच्या बाजार-तपासणी यंत्रणेने मागितली, तर बहुतेक वेळा आधी कुणाचा तरी हात सापडलेला असतो किंवा स्पर्धकाने तक्रार केलेली असते.

मग रिसेप्शनच्या भिंतीवर फ्रेममध्ये लावलेली ती सोनेरी किनारीची सर्टिफिकेटं कसली? त्यातली बरीचशी ऐच्छिक. कुणा खासगी संस्थेने फाइल चाळली, फी घेतली, कागद दिला. त्या कागदामुळे बनवणाऱ्याची जबाबदारी तसूभरही कमी होत नाही. कायद्याने ज्यांच्या तपासणीला स्थान दिलंय त्या संस्थांना नोटिफाइड बॉडी म्हणतात. प्रत्येकीला चार आकडी नंबर असतो. कोणती संस्था कुठल्या कायद्याखाली आणि कशासाठी नेमली आहे, हे युरोपियन कमिशनच्या ‘नँडो’ या डेटाबेसमध्ये कुणालाही फुकट पाहता येतं. खेळण्यांसाठी नेमलेल्या संस्थेने प्रेसचं सर्टिफिकेट दिलं, तर ते फ्रेमच्याच कामाचं. पैसे देण्याआधी पाच मिनिटं खर्च करून हे पाहून घ्यावं. पाहत मात्र कुणी नाही.

बाहेरची तपासणी सक्तीची कुणाला?

फार थोड्यांना. नव्या कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात जास्त धोक्याच्या मशिनांची यादी आहे, आणि तिचे दोन भाग आहेत. ‘अ’ भागात सहाच प्रकार: ट्रॅक्टरच्या पीटीओवर (इंजिनाची ताकद बाहेरच्या अवजाराला देणाऱ्या जोडावर) बसणारे, काढता येणारे ट्रान्समिशन शाफ्ट, त्यांचे गार्ड (संरक्षक आवरणं), गॅरेजमधल्या गाडी उचलण्याच्या लिफ्ट, काडतुसाच्या जोरावर खिळे ठोकणारी हत्यारं, आणि शेवटचे दोन प्रकार मशीन लर्निंगवर चालणाऱ्या सुरक्षा-यंत्रणांचे. यांना नोटिफाइड बॉडीशिवाय गत्यंतर नाही.

‘ब’ भाग आपल्याकडच्यांच्या जास्त कामाचा. धातूवर थंड अवस्थेत काम करणारे प्रेस आणि प्रेसब्रेक तिथे येतात, जर माल हाताने घालायचा-काढायचा असेल, स्ट्रोक, म्हणजे दाबणाऱ्या भागाची चाल, ६ मिलिमीटरपेक्षा जास्त असू शकत असेल आणि वेग सेकंदाला ३० मिलिमीटरच्या वर जाऊ शकत असेल तर. हाताने माल घालायचे प्लास्टिक मोल्डिंगचे मशीनही तिथेच. पण त्या मशीनसाठी खास ठरवलेलं हार्मोनाइज्ड स्टँडर्ड पूर्णपणे पाळलं, तर इथेही स्वतःच सही करता येते. हार्मोनाइज्ड स्टँडर्ड म्हणजे युरोपियन युनियनच्या राजपत्रात नोंदवलेलं तांत्रिक मानक. ते पाळलं की कायद्याच्या त्या त्या अटी पाळल्या असं गृहीत धरलं जातं. न पाळण्याचीही मुभा आहे, पण मग तुमचा मार्ग तितकाच सुरक्षित आहे हे तुम्हीच सिद्ध करायचं, आणि ‘ब’ भागात त्यासाठी नोटिफाइड बॉडीकडे जायचं.

या दोन्ही भागांत नसलेल्या कन्व्हेयर, फिलिंग मशीन, कारखान्यातलं वॉशिंग मशीन, एसपीएम वगैरेंसाठी बनवणाऱ्याची सही पुरते.

फाइलमध्ये नेमकं काय लिहायचं?

ड्रॉइंग, सर्किट, टेस्ट रिपोर्ट, मॅन्युअल हे सगळं असतंच. पण फाइलचा कणा म्हणजे रिस्क असेसमेंट, धोक्यांचा हिशेब. त्याची पद्धत आयएसओ १२१०० या मानकात दिली आहे.

एक हायड्रॉलिक प्रेस घेऊ. रॅम, म्हणजे वरून दाबणारा जड भाग, खाली येताना हात चेंगरणं हा धोका कुणालाही दिसतो. पण हिशेब करायला बसलं की बाकीचे वर येतात. डाय (साचा) बदलताना पंप बंद आहे आणि रॅम स्वतःच्या वजनाने खाली आला तर? होज फुटून गरम तेल अंगावर उडालं तर? सांडलेल्या तेलावर पाय घसरला तर? फिटर मागच्या बाजूने वाकून लिमिट स्विच बघतोय आणि पुढून कुणी सायकलचं, म्हणजे प्रेसची एक फेरी सुरू करायचं, बटण दाबलं तर? प्रत्येक धोक्यापाशी विचारायचं: माणूस तिथे केव्हा जातो, किती वेळा जातो, इजा किती मोठी होईल, आणि त्याला मागे सरायला वेळ मिळेल का. उत्पादन चालू असतानाचा ऑपरेटर एवढाच माणूस डोळ्यांपुढे ठेवून केलेला हिशेब अर्धवट असतो. सेटिंग, सफाई आणि दुरुस्ती करताना गार्ड उघडे असतात आणि माणूस आत असतो.

उपायांचा क्रम कायद्यानेच ठरवलाय आणि तो उलटा करता येत नाही. आधी डिझाइनमध्येच धोका काढून टाकायचा. स्ट्रोक ६ मिलिमीटरपेक्षा कमी ठेवता आला तर बोट आत शिरतच नाही, मग गार्डची भानगडच नाही. ते जमत नसेल तर गार्ड, लाइट कर्टन, दोन हातांनी दाबायची बटणं. एवढं करूनही काही धोका उरला, तरच पिवळी स्टिकरं, मॅन्युअलमधली सूचना आणि ट्रेनिंग. आपल्याकडच्या फाइली उघडल्या तर क्रम नेमका उलटा दिसतो. ‘हात घालू नये’ असं स्टिकर पहिल्या दिवशी लागतं आणि गार्डचं ड्रॉइंग इन्स्पेक्शनच्या आदल्या आठवड्यात निघतं.

लाइट कर्टन लावला की झालं?

लावला कुठे, यावर सगळं आहे. जरा थांबून हा हिशेब बघू, कारण सीईच्या नावाखाली चाललेलं खरं काम काय असतं ते इथे दिसतं.

लाइट कर्टन म्हणजे प्रेसच्या तोंडाशी उभा केलेला अदृश्य किरणांचा पडदा. हात मध्ये आला की प्रेस थांबतो. पण तो तत्क्षणी थांबत नाही. कर्टनला कळायला काही मिलिसेकंद, रिले पडायला काही, व्हॉल्व्ह बंद व्हायला आणि रॅम प्रत्यक्ष थांबायला त्याहून जास्त. तेवढ्या वेळात हात पुढे सरकतच असतो. आयएसओ १३८५५ या मानकात पुढे येणाऱ्या हाताचा वेग सेकंदाला २००० मिलिमीटर धरलाय. या सगळ्याला मिळून ०.१५ सेकंद लागत असतील, तर त्या वेळात हात ३०० मिलिमीटर आत जातो. म्हणजे कर्टन धोक्याच्या जागेपासून किमान ३०० मिलिमीटर दूर हवा.

पुढे आणखी एक भर पडते. १४ मिलिमीटर जाडीची वस्तू ओळखणारा कर्टन असेल तर ३०० पुरतात. पैसे वाचवायला ३० मिलिमीटर ओळखणारा घेतला, तर बोटं काही अंतर आत गेल्यावर त्याला कळतं. त्यासाठी १४ च्या वरच्या प्रत्येक मिलिमीटरमागे ८ मिलिमीटर अंतर वाढवायचं. १६ गुणिले ८, म्हणजे १२८. अंतर झालं ४२८. आता कर्टन आणि डाय यांच्यामध्ये इतकी जागा झाली की तिथे शिरून उभं राहता येतं का, हा नवा प्रश्न उभा राहतो आणि त्याचाही बंदोबस्त करावा लागतो. कर्टनमध्ये वाचवलेले पैसे शीटमेटलमध्ये गेले.

आणि तो ०.१५ सेकंदाचा आकडा आला कुठून? व्हॉल्व्हच्या कॅटलॉगमधून उचललेला चालत नाही. तयार प्रेसवर, डाय आणि रॅमच्या वजनासकट, स्टॉप-टाइम मीटर लावून तो मोजायचा आणि रिपोर्ट फाइलला लावायचा. दोन वर्षांनी व्हॉल्व्ह सुस्तावला आणि तोच आकडा ०.२२ झाला, तर ३०० ऐवजी ४४० मिलिमीटर लागतील. म्हणून किती दिवसांनी पुन्हा मोजायचं, हे मॅन्युअलमध्ये लिहावं लागतं. प्रेसच्या साइड फ्रेमला जिथे सोयीचं भोक होतं तिथे कर्टन ठोकून दिलेली मशिनं मी पाहिली आहेत. वर नेमप्लेटवर सीई झळकत असतं.

लाल मश्रूम बटणाबद्दलही असाच गैरसमज आहे. इमर्जन्सी स्टॉप हा गार्डला पर्याय नाही. हात सापडलेला माणूस बटण दाबू शकेलच असं नाही. शिवाय बटण फिरवून सोडलं की मशीन आपोआप चालू होता कामा नये, चालू करायला वेगळी कृती लागली पाहिजे. ही साधी अट तपासायला दहा सेकंद लागतात.

“ऑपरेटरनेच गार्ड काढला, तर आमचा काय दोष?”

हा आक्षेप सगळ्यात जास्त ऐकू येतो, आणि कायद्याचं त्यावरचं उत्तर कडक आहे. बनवणाऱ्याने मशीनच्या योग्य वापराबरोबर ‘अंदाज करता येण्याजोगा गैरवापर’ही हिशेबात धरायचा असतो. दरवाजाच्या स्विचची जास्तीची चावी मागवून ती कायमची खोचून ठेवणं, प्रॉक्झिमिटी सेन्सरपुढे लोखंडाचा तुकडा टेपने चिकटवणं, दोन बटणांपैकी एकावर काडी अडकवून एका हाताने प्रेस चालवणं: शॉप फ्लोअरवर उभा राहिलेला कुठलाही माणूस हे आधीच सांगू शकतो. तेव्हा ‘आम्हाला कल्पना नव्हती’ हे चालत नाही.

उपायही ठरलेले आहेत. साध्या चुंबकाने फसणार नाही असा कोडेड स्विच वापरायचा. दोन हातांच्या बटणांमध्ये दोन्ही अर्ध्या सेकंदाच्या आत दाबली गेली तरच सायकल सुरू व्हावी, आणि दरवेळी दोन्ही सोडल्याशिवाय पुढची होऊ नये. काडी मग निकामी होते.

पण मला महत्त्वाचा वाटतो तो याच्या आधीचा प्रश्न: ऑपरेटर गार्ड का काढतो? बऱ्याचदा कारण वैताग असतं. जॉब अडकला की दर वेळी चार बोल्ट खोलायचे, गार्डच्या जाळीतून डाय दिसत नाही, सेटिंगला मशीन हळू चालवायची सोयच दिलेली नाही. अशा मशीनवर गार्ड टिकणार नाही, हे डिझाइन करणाऱ्यालाही माहीत असतं. बिजागरीचा दरवाजा, तो उघडला की मशीन थांबवणारा इंटरलॉक आणि सेटिंगसाठी दाबून धरलं तरच हळू चालणारा मोड दिला, तर बायपास करायची गरज पुष्कळ कमी होते.

याचा अर्थ ऑपरेटरच्या मालकावर काहीच जबाबदारी नाही असं नाही. कारखानदारासाठी युरोपात वेगळे कायदे आहेत. पण ते बनवणाऱ्याच्या मदतीला येत नाहीत.

“गिऱ्हाइकानेच लिहून दिलंय, गार्ड नको”

तरी चालत नाही. कायद्याची अट दोघांनी आपसात करार करून माफ करता येत नाही. ‘फक्त एकच मशीन आहे’, ‘आमच्याच जर्मनीतल्या प्लांटला पाठवतोय’ यांनीही सुटका नाही. जुनं, वापरलेलं मशीन भारतातून पहिल्यांदा युनियनमध्ये गेलं, तर तेही नव्यासारखंच धरलं जातं.

अर्धवट मशीनची गोष्ट वेगळी. ग्रिपर नसलेला रोबोट किंवा दुसऱ्याच्या लाइनमध्ये बसणारं युनिट स्वतंत्रपणे काही काम करू शकत नसेल, तर त्यावर मशीनचं सीई लावायचंच नसतं. त्याच्यासोबत डिक्लेरेशन ऑफ इन्कॉर्पोरेशन आणि जोडणीच्या सूचना द्यायच्या. संपूर्ण लाइनची सही जोडणाऱ्याने करायची. पुण्यातल्या ऑटोमेशनवाल्यांचे वाद इथेच होतात. पाच कंपन्यांची मशिनं एका पीएलसीवर (मशिनं चालवणाऱ्या कंट्रोलरवर) जोडून लाइन उभी केली, पाचही मशिनांवर सीई आहे, मग आणखी काय? तर एका मशीनचा इमर्जन्सी दाबल्यावर शेजारच्याचा कन्व्हेयर चालूच राहिला, तो धोका पाचांपैकी कुणाच्याच फाइलमध्ये नाही. एक होऊन चालणारी लाइन हे कायद्याच्या दृष्टीने स्वतःच एक मशीन आहे.

नव्या कायद्याने बदललं काय?

जुना कायदा हा निर्देश होता. प्रत्येक देश त्यावरून आपला कायदा करायचा. नवा थेट नियम आहे, सत्तावीसही देशांत जसाच्या तसा लागू. सुरक्षेच्या मूळ अटी बऱ्याचशा त्याच आहेत, त्यामुळे चांगली जुनी फाइल असेल तर सगळं फेकून द्यायची गरज नाही. मुळात हा प्रवास १९८९ च्या पहिल्या निर्देशापासून चालू आहे.

खरी भर पडली ती सॉफ्टवेअरमध्ये. मशीनला रिमोट सपोर्टसाठी मॉडेम जोडलाय आणि तिकडून कुणी सेफ्टी प्रोग्रॅम बदलला, चुकून किंवा मुद्दाम, तर धोका तयार होता कामा नये. सुरक्षेशी संबंधित सॉफ्टवेअरमध्ये कुणी हात घातला, याचा पुरावा मशीनने ठेवायचा. सगळ्या मशिनांचा पासवर्ड एकच, आणि तोही पॅनेलच्या दारावर मार्करने लिहिलेला, ही आपली पद्धत बंद करावी लागेल.

दुसरं, मोठा बदल म्हणजे काय ते आता व्याख्येत आलं. विकल्यानंतर कुणी मशीनमध्ये बनवणाऱ्याच्या योजनेत नसलेला असा फेरफार केला की ज्याने नवा धोका तयार झाला किंवा जुना वाढला, आणि त्यामुळे नवी संरक्षण-व्यवस्था लागली, तर फेरफार करणाराच त्या मशीनचा बनवणारा ठरतो. जुनी मशिनं रेट्रोफिट करून देणाऱ्यांनी हे नीट वाचावं.

मॅन्युअल आता डिजिटल देता येईल. पण गिऱ्हाइकाने खरेदीच्या वेळी मागितलं तर छापील प्रत फुकट द्यायची. भाषेची अट कायम आहे: पोलंडला पोलिश, जर्मनीला जर्मन. मशीनवरच्या इशाऱ्यांच्या पाट्यांनाही ती लागू. कॉम्प्युटरवर भाषांतर करून न वाचता पाठवलेलं मॅन्युअल म्हणजे संकटाला आमंत्रण.

तारखेबद्दल एक सांगायला हवं. ती मोजायची प्रत्येक मशीन युनियनच्या बाजारात पहिल्यांदा उतरण्याच्या दिवसावरून. मॉडेल दहा वर्षं जुनं असो की मशीन डिसेंबर २०२६ मध्ये भोसरीत तयार झालेलं असो, त्याला महत्त्व नाही. जहाजाचे दिवस हिशेबात धरा.

पकडणार कोण?

आधी आयातदार. त्याला स्वतःचं नाव-पत्ता मशीनवर द्यावा लागतो, कागद तपासावे लागतात, आणि गडबड असेल तर मशीन विकता येत नाही. २०२१ च्या १६ जुलैपासून युनियनमध्ये असा जबाबदार माणूस किंवा कंपनी असल्याशिवाय मशीन तिथल्या बाजारात आणताच येत नाही. त्यामुळे ‘युरोप लांब आहे’ हा दिलासा आता पोकळ आहे. ज्याच्यावर बालंट येणार तो आयातदार तुमच्या फाइलमधली पानं मोजेल.

“एवढा खर्च झेपेल का?”

ड्रॉइंगच्या टप्प्यावर हिशेब केला तर झेपतो. तयार, रंगवलेल्या मशीनवर गार्ड चढवायला गेलं की फ्रेमला भोकं पाडा, पॅनेलमध्ये जागा करा, वायरिंग उसवा, आणि शेवटी डिलिव्हरी लांबते. महाग पडतं ते हे.

खर्चाचा आणखी एक भाग आहे, ज्याबद्दल आपण फार बोलत नाही. अनेक ठिकाणी एकाच मॉडेलची दोन रूपं निघतात. युरोपच्या प्रेसला कर्टन, इंटरलॉक, सेफ्टी रिले. देशातल्या गिऱ्हाइकाला तोच प्रेस, फक्त पायपट्टी आणि स्टिकरसह, काही लाखांनी स्वस्त. धोकादायक भाग झाकलेले असावेत ही अट आपल्या १९४८ च्या फॅक्टरी कायद्याच्या कलम २१ मध्येही होती; २०२५ मध्ये त्या कायद्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली. आणि वाहनांच्या सुट्या भागांच्या कारखान्यांत बोटं जाण्यामागे पॉवर प्रेस किती वेळा असतो, ते ‘सेफ इन इंडिया’ या संस्थेच्या ‘क्रश्ड’ नावाच्या अहवालांतून वर्षानुवर्षं छापून येतंय.

अवजड उद्योग मंत्रालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये मशिनांच्या सुरक्षेचा आदेश काढला. त्याचा पाया आयएस १६८१९ हे मानक, आणि ते म्हणजे आयएसओ १२१०० च, भारतीय क्रमांकाने. लागू होण्याची मूळ तारीख नंतर पुढे ढकलली गेली. युरोपसाठी धोक्यांचा हिशेब ज्याने प्रामाणिकपणे मांडलाय, त्याच्याकडे त्या मानकाला लागणारं बरंचसं काम आधीच झालेलं आहे. कर्टनचं अंतर काढायचं सूत्र चाकणमध्येही तेच आहे, कारण हाताचा वेग दोन्हीकडे सेकंदाला २००० मिलिमीटरच धरायचा.